चिमटीची साथ

सोमवार, तारीख ४

ताई,

मी आजी झाले. बाकी खुशालीचं मागाहून लिहीन, आधी हे वाच. लेकीला मुलगी झाली. म्हणजे तूही आजीच झालीस, तीसुद्धा मोठी आजी. आता बस रुसून.

तुझा पत्ता मामेभावाकडून घेतला. तो म्हणाला, तुम्ही दोघी बोलत नाही ना? मी म्हटलं, बोलत नाहीच आहोत, मी लिहितेय. तेव्हा या पत्राने आपलं मिटलं असं समजू नकोस. नाचाच्या वर्गात इतकी वर्षं स्टुलाला स्टूल लावून बसलो आपण, तू तबल्यावर, मी पेटीवर, आणि त्या दिवशी भर कार्यक्रमात तू हात उचलून घेतलास. का, तर मी लय सोडून पुढे पळते हे मला एकदा कळावं म्हणून. कळलं मला. पोरी माझ्यामागे धावता धावता एकमेकींच्या अंगावर पडल्या आणि सगळा हॉल हसला. ते मी विसरलेली नाही. असो, हा विषय आज काढायचा नव्हता.

तर मुलगी. नाव अजून ठेवलेलं नाही, आम्ही चिमटी म्हणतो. चिमटीत मावेल एवढीच आहे. दिवस भरायच्या आधीच घाई करून आली. जावई म्हणतो, ही घाई कुणाची उचलली कळत नाही, आणि माझ्याकडे बघतो. मोठा गरीब आहे तो, पण मधूनच असं बोलतो. ताई, तिची नखं बघायला चष्मा लागतो. केस मात्र टोपीत मावत नाहीत, काळेभोर, मानेपर्यंत. कानाची पाळी आपल्या आईची. मी नर्सला सांगितलं तर ती म्हणाली, आजी, तुम्ही कालपासून प्रत्येक अवयव वाटून दिलात, बापाला काही ठेवलंत का? ठेवलंय की. अंगठा ठेवलाय.

तिला काचेच्या उबदार पेटीत ठेवलंय. घाबरायचं काही नाही. दर सोमवारी इथे एक बाई येते, मांडीवर मावेल असं तारांचं लाकडी वाद्य घेऊन, आणि बाळांच्या काचांजवळ बसून हळूहळू वाजवते. आधी मला वाटलं, ही काय नवीन थेरं. पण तिने वाजवलं आणि चिमटीची घट्ट मिटलेली मूठ सुटली. मी डोळ्यांनी बघितलं. बाई म्हणाली, मी आठवड्यातून एकदाच येते, घरात कुणी वाजवणारं असेल तर शिकवून, वाद्य इथेच ठेवून जाते. जावयाने मला कोपराने पुढे ढकललं. दोनच सूर आहेत. सा वाजवायचा, थांबायचं, मग प, मग थांबायचं. झोपलेल्या माणसाच्या श्वासाएवढं संथ. आपल्या वर्गातल्या सगळ्यात ढ पोरीलाही जमेल असं.

सहज विचारते, एकटीने वाजवताना लय कशी धरून ठेवायची गं? मला तशी कधी वेळच आली नाही. नेहमी तू तरी होतीस, नाहीतर पोरींचे पाय तरी होते. तू मात्र कुणी नसताना एकटी ठेका धरून बसायचीस, वाण्याच्या तराजूसारखी. काय करायचीस तेवढं कळव.

घाई नाही. पण लवकर कळव.

बाकी सगळं आनंदात.

तुझ्याशी न बोलणारी,
धाकटी

गुरुवार, तारीख ७

ताई,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून चालते, कारण पोचूनही तू लिहिलं नसशील तर मला काय वाटेल ते मी आत्ता लिहीत नाही.

मागच्या पत्रात मी थोडं कमी लिहिलं. 'घाबरायचं काही नाही' हे वाक्य जावयाने मला पाठ करायला दिलंय, लेकीसमोर म्हणायला. ते तुझ्याही पत्रात आलं. लेक वरच्या मजल्यावर आहे, तिला ताप आहे, आणि ताप असलेल्याला चिमटीजवळ सोडत नाहीत, आई असली तरी. ती रोज विचारते, रडली का गं आज? मी सांगते, रडली ना, अगदी तुझ्यासारखी, सगळा वॉर्ड गोळा केला.

चिमटी रडत नाही, ताई. रडायला पुरेल एवढी हवाच तिच्या छातीत जात नाही.

खरं असं आहे की ती श्वास घ्यायला विसरते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर आलेली बाळं विसरतात, ते काम अजून त्यांच्या अंगवळणी पडलेलं नसतं. चांगली चाललेली असते आणि मध्येच गप्प होते. मशीन ओरडतं. मग मोठ्या नर्सबाई येऊन तिच्या तळव्याला टिचकी मारतात आणि ती पुन्हा सुरू होते. हे विसरणं कमी झालं तर ठीक. वाढलं तर घशात नळी घालून श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल, आणि एवढीशी छाती ते किती दिवस सोसेल ते सांगता येत नाही. डॉक्टरीणबाई हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या, पेनाचं टोपण लावत होत्या. टोपण केव्हाच लागलेलं होतं.

वाद्यवाल्या बाईने मला स्पष्ट सांगितलंय, हे औषध नव्हे. एकसारखा संथ आवाज असला की बाळ कमी दचकतं, आणि कमी दचकलं की कमी विसरतं, कधी कधी. 'कधी कधी' ती दोनदा म्हणाली. मला तेवढंही खूप आहे.

आणि मी पळते. दोन सूर, ताई, दोन, आणि मी त्यांच्यावरून पळते. बसते तेव्हा बरी असते. मग तिच्या बरगड्या दिसतात, आत जातात, बाहेर येतात, मला वाटतं आता थांबणार, आता थांबणार, आणि माझा हात आपोआप पुढे सरकतो, तिला ओढून न्यायचं असल्यासारखा. मोठ्या नर्सबाई लांबूनच बोट वर करतात. आपल्या नाचाच्या मास्तरांच्या ओरडण्यापेक्षा त्यांचं बोट वाईट. तिसऱ्यांदा बोट वर झालं की वाद्य कपाटात, ते दुसऱ्या दिवशीच बाहेर निघतं. आजवर मी एक दिवस धड पार पाडलेला नाही.

मनात आकडे मोजून बघितले, आकडेच धावायला लागले. भिंतीवरच्या पंख्याला धरून बघितलं, तो दम्याचा रोगी. काल जावयाला काचेच्या दाराबाहेर उभं केलं आणि सांगितलं, हाताने ताल दाखवत राहा. बिचारा दाखवत होता. मग त्याला चिमटी दिसली आणि रडू आलं, आणि रडला की त्याला उचकी लागते. प्रत्येक उचकीला त्याचा हात उडत होता आणि मी त्या उचकीवर सूर टाकत होते. बाजूच्या काचेजवळ बसलेली एक आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, एवढंच काय ते भलं झालं.

तू कशी धरायचीस? डोक्यात काय असायचं तुझ्या? तू हे सांगितलंस तर तो कार्यक्रम मी पुन्हा कधी काढणार नाही. म्हणजे तुझ्यासमोर तरी.

धाकटी

शनिवार, तारीख ९

ताई,

हे पत्र हॉस्पिटलच्या पायरीवर बसून लिहितेय, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

मला वाटलं मला युक्ती सापडली. चिमटीच्या अंगाला वायरी लावल्यात, आणि तिच्या काळजाच्या ठोक्याला मशीन टिक करतं. मी म्हटलं, हा घे तबला. एवढ्या टिकांवर सा, तेवढ्या टिकांवर प. काल दुपारी बसले तशी. ताई, काय सांगू, हात असा लोण्यासारखा चालला. बोट वर झालं नाही. मी मनात म्हटलं, बघ, आजी आणि नात, जोडी जमली. वर जाऊन लेकीला सांगितलं, आज आम्ही दोघींनी मिळून वाजवलं. ती रडली, मीही रडले, पण ते बरं रडणं होतं.

आज तसंच बसले. मागे कुणाच्या तरी हातून ट्रे पडला. चिमटी दचकली, टिकटिक पळायला लागली. तिच्यामागे माझा हात. माझ्या हाताने ती आणखी बावरली, आणखी पळाली, मी पण. मग ती दमली. टिकटिक हळू झाली. मला बरं वाटलं, म्हटलं शांत होतेय बाळ. मीही हळू झाले. ती आणखी हळू, मी आणखी हळू. आणि ताई, मी सूर हलका केला. नाच संपताना आपण करायचो ना, पोरी खाली बसत येतात, आपण सूर हलका हलका करत आणतो आणि शेवटचा सोडून हात उचलून धरतो. तसा मी हात उचलून धरला. ती थांबली म्हणून मी थांबले. नीट, सुंदर, कुणीतरी टाळी वाजवावी असं.

मग मशीन ओरडलं.

नर्सबाईंनी मला स्टुलासकट बाजूला सारलं. टिचकी मारली, काही झालं नाही. पुन्हा मारली. पाठ चोळली. चिमटीचे ओठ कसल्या रंगाचे झाले होते ते मी लिहीत नाही. आली ती परत, पण फार वेळाने आली. म्हणजे त्यांच्या घड्याळात फार वेळ नसेल झाला.

नंतर नर्सबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आता वाद्य कायमचं गेलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, तुम्ही तिच्यामागे जाऊ नका. ती कुठे चाललीय ते तिला माहीत नाही."

जन्मभर मी हेच केलं गं. समोरच्याचा पाय बघायचा आणि त्याच्यामागे जायचं. चांगली साथ करते म्हणून लोक नाव काढायचे माझं. एकटीला मला येतच नाही. आता इथे तू नाहीस आणि चिमटीच्या मागे जायचं नाही, मग मी कशाला धरू? वर लेक वाट बघतेय, तिला आज काय सांगू ते ठरवायला मी इथे पायरीवर बसलेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं आणखी झालं तर नळीचा विचार करावाच लागेल.

ये म्हणत नाही. फक्त लिही. शिव्या लिही, पण लिही.

धाकटी

मंगळवार, तारीख १२

ताई,

तुझं पोस्टकार्ड आलं, शनिवारचं पत्र मिळताच टाकलेलं दिसतंय. बाहेरच्या बाकावर जावयाने वाचून दाखवलं, माझे डोळे चालेनात. तू काय लिहिलंयस ते तुला माहीतच आहे, तरी मी पुन्हा लिहिते, कारण मला ते लिहायला आवडतंय.

"धाकटे, मोजू नकोस. पळायच्या आधी तुझी उजवी टाच उचलते. मला शेजारून दिसायची, मग मी ठेका जड करायचे. टाच जमिनीला लावून बस. मशीनकडे कान देऊ नकोस, पाठ कर त्याला. मी तुझ्याशी बोलत नाही."

जावयाने शेवटचं वाक्य वाचलं नाही, मी त्याच्या हातातून कार्ड घेऊन बघितलं तेव्हा कळलं. मला इतकं बरं वाटलं त्या वाक्याने. तूच आहेस याची खात्री पटली.

माझी टाच उचलते. एवढं वय झालं, नवऱ्याने कधी सांगितलं नाही, तो पायाशीच बघत चालणारा माणूस. लगेच बाकावर बसून मांडीवर बोटं चालवून बघितली. थोडा वेळ काही नाही. मग वर लेक एकटी आहे हे आठवलं आणि उचलली. अशी अलगद, मांजर उठल्यासारखी. मी जावयाला म्हटलं, बघ, बघ. तो म्हणाला, काय बघू? तुला दिसलं असतं.

आणि मला आपलं वाटायचं, तू मधूनच जोरात मारतेस ते रागाने. मास्तरांना म्हणायचेसुद्धा मी, हिचं सकाळी घरी काहीतरी बिनसलेलं दिसतंय. मला धरून ठेवत होतीस होय. तरीपण त्या दिवशी हात उचलायला नको होतास, ते वेगळं.

नर्सबाईंना तुझं म्हणणं सांगितलं. त्या म्हणाल्या, मशीन बंद होत नसतं आजी. पण टिकटिकीचा आवाज त्यांनी कमी केला, धोक्याचा तेवढा ठेवला, आणि माझं स्टूल फिरवून दिलं. आता मला चिमटी दिसते, मशीनचा पडदा दिसत नाही. चपला दाराशीच काढाव्या लागतात, टाच गार फरशीवर असते. तिकडे लक्ष ठेवते. आज दोनदा उचलायला आली, दोन्ही वेळा दाबली. बोट एकदाच वर झालं.

पण ती विसरतेय, ताई. मी नीट वाजवतेय तरी विसरतेय. सकाळपासून किती टिचक्या झाल्या ते विचारायची माझी हिंमत नाही. तळवा लाल झालाय तिचा.

धाकटी

शनिवार, तारीख १६

ताई,

गेले दोन दिवस वाईट गेले. चिमटीला काहीतरी संसर्ग झाला म्हणाले. रंग मातीसारखा. वाद्य बंद, मी बाहेर, जावई बाहेर. काचेच्या दारातून नुसत्या लोकांच्या पाठी दिसायच्या. मी बाकावर बसून मांडीवर वाजवत होते. जावई म्हणाला, तिला कुठे ऐकू येणार ते? मी म्हटलं, तिला नाही येणार, माझी टाच बसली पाहिजे. मग तोही शेजारी टाच टेकवून बसला. तुझ्या टाचेचं आता या घरात असं झालंय.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावून सांगितलं, दुपारपर्यंत बघू, नाहीतर नळी घालतो. सही करायला सांगितली. जावयाने केली. मी त्यांना म्हटलं, दुपारपर्यंत आहे ना, मग मला आत सोडा. त्या नर्सबाईंकडे बघत राहिल्या. नर्सबाई म्हणाल्या, सोडू या. आता त्या पळत नाहीत.

बसले. टाच लावली. सा. थांबले. प. थांबले. आत नळीचं सामान कापडावर मांडून ठेवलेलं, ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. तिच्या बरगड्या चालल्या होत्या. चालल्या होत्या आणि मग थांबल्या.

ताई, माझा हात थांबायला निघाला. खरंच निघाला, जन्माची सवय. ती गप्प झाली की आपण गप्प व्हायचं. नर्सबाईंचा हात आत तळव्याकडे गेलेला मला दिसला. मी सा वाजवला. समोर कुणी नाही. नाचणारी उठून गेलीय आणि मी वाजवतेय, तेवढाच, तसाच, ना जोरात ना हळू. टाच इतकी दाबली की पोटरीत गोळा आला. थांबले. थांबणं फार लांब वाटत होतं, मध्येच काहीतरी टाकावं असं वाटत होतं, नाही टाकलं. प वाजवला. नर्सबाईंचं बोट टिचकीसाठी वळलं होतं, आणि तिची छाती उचलली. आपली आपण. एक मोठा, शहाण्या माणसाने सुस्कारा टाकावा तसा श्वास.

नर्सबाई एवढंच म्हणाल्या, "आली."

मी वाजवतच होते. रडलेसुद्धा लयीत, सूर चुकवला नाही.

हे माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. औषधं चालू आहेत, मोठे मोठे लोक झटतायत. नंतर दोनदा टिचकी लागलीच. पण दुपारी डॉक्टरीणबाईंनी येऊन नळीचं सामान झाकून ठेवायला सांगितलं. झाकून, बरं का, उचलून नाही. मी त्या झाकलेल्या कापडाकडे न बघता वाजवत होते, अजून बोटांत तेच चालू आहे.

लेकीला आज पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं, तू तिच्या रडण्याचं वर्णन करायचीस तेव्हा ते दर वेळी माझंच असायचं, तिचं काहीच नसायचं.

धाकटी

सोमवार, तारीख २५

ताई,

मधली दोन पत्रं नुसती टाच आणि तब्येतीची होती, ती तू वाचली असशील नसशील. आज नीट लिहिते.

लेकीचा ताप उतरून बरेच दिवस झाले. चिमटीची तब्येतही भरतेय. ते कापड सामानासकट उचललं गेलं. आज वाद्यवाली बाई आली आणि मला म्हणाली, आजी, आज वाजवायचं नाही. नुसतं बसायचं.

मी हो म्हटलं आणि आतून हादरले. लेकीला खुर्चीत बसवलं, तिच्या उघड्या छातीवर चिमटीला पालथी ठेवली, वरून पांघरूण. मला शेजारी स्टूल. हात मोकळे. ताई, तू तबल्यावरून हात उचललास तेव्हा पण मला इतकी भीती वाटली नव्हती. माझी बोटं मांडीवर चालायला लागली, तर बाईने माझ्या हातावर आपला हात ठेवला. मी म्हटलं, ती विसरली तर? बाईने हात तसाच ठेवला. नर्सबाईसुद्धा लांब उभ्या राहिल्या, मुद्दामच.

मग मला तिचा श्वास पहिल्यांदा ऐकू आला. इतके दिवस मी माझेच दोन सूर ऐकत होते. काय सांगू, लय काही धड नाही. जरा चालते, मग भलतीच पळते, मग थांबते. थांबली की आमच्या तिघींचा श्वास अडकतो. मग ही आपली निवांत एक सोडते आणि पुन्हा पळत सुटते. कुणाच्या मागे नाही, कुणाची वाट बघत नाही. टिचकी लागली नाही. एकदाही लागली नाही. माझी टाच सगळा वेळ वर होती, मी ती खाली घेतली नाही.

लेक हळूच म्हणाली, "आई, ही पळतेय."

मी म्हटलं, "पळू दे."

डॉक्टरीणबाई म्हणतात, आणखी काही दिवस इथेच ठेवू, मग घरी. अजून विसरू शकते, लक्ष ठेवावं लागेल, उगाच हुरळून जाऊ नका. मी हुरळलेय. नर्सबाईंनी आज तिच्या हनुवटीकडे बघून स्वतःहून विचारलं, ही कुणाची? मी म्हटलं, ही माझ्या बहिणीची. त्या म्हणाल्या, बहीण कधी दिसली नाही.

दुपारी आत दोनच माणसांना सोडतात. एक लेक, दुसरी मी, जावई सकाळी आत जातो. माझी दुपार मी इतक्या दिवसांत कुणाला दिलेली नाही, जावयाच्या आईलाही नाही, त्या रागावल्यात. येत्या शनिवारी मी आत जाणार नाही. बाहेर बाकावर बसेन. हात कोपरापर्यंत साबणाने धुवावे लागतात, बांगड्या काढाव्या लागतात, चपला दाराशी. माझ्याशी बोलायची सक्ती नाही, मी बाकावरून सरकून बसेन. स्टूल काचेच्या डाव्या बाजूला आहे.

धाकटी